देवाआधी वाढलेला भात

लेकीकडं संगमनेरला जाताना आळेफाट्यावर एसटी थांबली की मी खिडकीकडं पाठ करते. तिथं एका हॉटेलाच्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो लावलाय. डोक्यावर पदर, हातात वाफाळता भात. खाली लिहिलंय, 'आदिवासी चव चाखायला आमच्या गावात या.' आईला जाऊन वर्षही झालं नाही. बोर्ड काढ म्हटलं तर दादा म्हणतो, "ऱ्हाऊ दे, दिसती तरी."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आंबेगावच्या डोंगरातल्या आमच्या गावाचा सरपंच. पर्यटनाचं सगळं त्यानंच उभं केलं आणि जीव ओतून केलं, खोटं कशाला बोलू! आमची पोरं खालच्या बागायती गावांत टोमॅटो तोडायला जायची. ती घरी राहावीत, डोंगर कुणाला विकावा लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. घरोघरी पाहुण्यांची सोय, प्लास्टिक बंद, जेवण पानावर. लोक हसले, "नाचणीची भाकर खायला कोन येतंय, राव?" आले की! पुण्याहून गाड्या भरभरून आले.

गेल्या साली भात खळ्यावर आला तेव्हा मी कळंबहून माहेरी गेले होते. आमच्यात नवा तांदूळ आधी गावदेवाला. सगळं गाव मिळून 'नवं' करतं, तोवर नव्याचा कणही कुणी तोंडात घालत नाही. नवं होतं मंगळवारी. पाहुणे आले रविवारी.

"आई, नव्याचाच भात टाक. त्या वासासाठीच आलीत ती," दादा म्हणाला.

"देवाच्या आधी? येडा झालास का?"

"देव काय पळून चाललाय व्हय? दोन दिसांचा तर प्रश्न हाय."

मी मध्ये बोलले, तर माझ्यावरच खेकसला. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून शेवटी आईनं रांधला. चुलीपुढं डोळे पुसत होती. पाहुण्यांना वाटलं, धूर लागतोय. वाढताना कुणीतरी फोटो काढला, तोच हा. पाहुण्यांपुढं रडायचं नसतं, म्हणून ती त्यात हसतेय.

मंगळवारी आई देवाकडं गेलीच नाही. "उष्टं कुठल्या तोंडानं दावू?" म्हणाली. त्या दिवसापासून तिनं नव्या भाताला हात लावला नाही. घरात कणगी भरलेली आणि म्हातारी नाचणीची भाकरी पाण्यात भिजवून खायची. दादा पाया पडला, रडला.

"पुढल्या वर्षी आधी देवाला, आई. तुझी शपथ."

"मंग पुढल्या वर्षी खाईन की."

उन्हाळ्यात ती गेली. शेवटी शेवटी त्याच तांदळाची पेज तोंडाशी नेली, तरी तिनं तोंड फिरवलं. लई जीव तुटला माझा.

यंदा दादानं नवं झाल्यावरच पाहुण्यांना बोलावलं. देवाला नैवेद्य दाखवून झाला होता, आईच्या नावानं पान ठेवून झालं होतं. पंगत बसली. मी भात घेऊन दादापुढं आले, तर त्यानं पानावर हात आडवा धरला.

"भाकर हाय का गं?"

"अरं, आता तर देवाला दावलाय."

"आईनं कुठं खाल्ला?"

शेजारच्या पाहुणीनं विचारलं, "सरपंच, तुम्ही भात नाही खात?"

"पथ्य हाय, ताई," दादा मान खाली घालून म्हणाला.

मी आत जाऊन भाकरी आणली.