मेकॅनिकची सीट

आमच्या शेजारच्या काकांइतका वेगाचा वेडा आणि त्यांच्याइतका सावकाश गाडी चालवणारा माणूस उभ्या मिशिगनमध्ये दुसरा सापडायचा नाही. इथे ट्रॉयमध्ये आम्ही बहुतेक सगळे गाड्यांच्या कंपन्यांच्याच जिवावर जेवतो, पण सुट्टीच्या दिवशी त्यांचं नावही काढत नाही. काकांनी जन्मभर ब्रेकची ड्रॉइंग्ज काढली आणि उरलेला सगळा वेळ दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातल्या ग्रां प्री मोटार-शर्यतींत घालवला. हल्लीच्या शर्यती त्यांच्या खिजगणतीत नाहीत. "काका, कालची रेस पाहिली का?" असं एकदा एका कॉलेजच्या पोराने पंगतीत विचारलं, तर म्हणाले, "काल जाऊ दे रे, तुला खरी सांगतो." पोराची आमटी गार झाली, पण फ्रान्समधल्या खडीच्या रस्त्यावर कुणाचा टायर कुठल्या वळणावर फुटला, हे त्याला आजही पाठ असेल.

त्या काळी शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी एक मेकॅनिक बसायचा. तो हाताने पंप मारून पेट्रोलचा दाब टिकवायचा, तेल बघायचा आणि मान वळवून मागून कोण येतंय ते सांगायचा. काकांच्या मते आरसा म्हणजे त्या गरीब माणसाच्या पोटावर दिलेला पाय. ते आरशात बघतच नसत, त्यामुळे मेकॅनिकचं काम काकूंकडे आलं. मंडळाच्या गणपतीला निघाले की काकूंच्या मांडीवर मसालेभाताचं पातेलं आणि मान मागे.

"काय आहे?" काका विचारत.

"पांढरी व्हॅन. चिडलीय. जाऊ द्या तिला."

असं सगळ्या गावाला पुढे सोडत ते पोचत, तोवर आरती आटोपलेली असे. काकूंना शर्यतीतलं ओ की ठो कळत नसे, पण "मी नसले तर ह्यांचं कठीण आहे" असं त्या मोठ्या अभिमानाने सांगत.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. काकांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. मुलगी लांब सनीव्हेलला. तिने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, तिथे ड्राइव्ह केल्याशिवाय एकट्याला राहता येत नाही. घर सेल करू, तुम्ही इकडे या." तिचं काही चूक नव्हतं. पण काकूंनी लावलेलं घर सोडायचं म्हटल्यावर काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मला त्यांची खरोखर काळजी वाटू लागली.

मागच्या रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली. "भाजी आणायचीय. तू नुसता बस, ड्राइव्ह मी करतो."

मी सवयीने पुढचं दार उघडलं.

"तिथे नको, मागे बस." मग आरसा हाताने नीट करत ते सावकाश म्हणाले, "पुढे शर्यतीचा नियम बदलला बरं का. मेकॅनिक बसवायला बंदी आली, ड्रायव्हरने एकट्यानेच जायचं. पण गाडीत त्याची सीट मात्र ठेवायची, असंही नियमातच होतं."

मी मागे जाऊन बसलो. काका पहिल्यांदाच आरशात बघत होते. मागच्या दोन-तीन गाड्यांना वाट देत त्यांनी आम्हाला दुकानापर्यंत नेलं आणि पार्किंगमधूनच मुलीला फोन लावला.

"पोचलो गं. घर राहू दे."

"बाबा! ड्राइव्ह कोणी केलं?"

"आम्ही दोघांनी," काका म्हणाले.

मी मागेच बसलो होतो, पण त्या दोघांत मी नव्हतो.