मेघगडाची वैमानिक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. जिला सांगायला हवं होतं त्या नसीमला तर नाहीच. तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणूनच धीर होतोय बहुतेक.

नसीम आणि मी सोनाळ्यात एकाच वर्गात. वाचनालयात मेघगडाच्या कादंबऱ्या यायच्या — ढगांत उडणारा गड आणि तो चालवणारी वैमानिक, वसुधा. एक पुस्तक दोघींत. वाचून झालं की नसीमच्या अंगणातली बाज उलटी करायची, झाला गड. वैमानिक कायम मीच. एकदा ती म्हणाली, "आज मले होऊ दे ना वं वसुधा." मी म्हणाले, "तू कशी होशीन? वसुधा काय तुमच्यातली आहे काय?"

ती मागे जाऊन प्रवासी होऊन बसली.

लहान होतो, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण ते लहानपणी संपलं कुठं?

आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे. चार दुकानं सोडून नसीम बायकांचे कपडे शिवते. दोनेक वर्षांपूर्वी कळलं, मेघगडावर मालिका येतेय, मोबाइलवर — आणि वैमानिकेचं नाव ठेवलंय जुबेदा. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर नुसती आग लागली. मूळ लेखकानं लिहिलेलं बदलणारे हे कोण, म्हणून लोक तुटून पडले. त्यातल्या कितींना खरंच लेखकाचं पडलं होतं? मला तरी नव्हतं.

नसीम ग्रुपवर नुसती वाचायची. त्या दिवशी मात्र तिनं लिहिलं. लहानपणी मी नेहमी प्रवासीच व्हायचे, असं लिहिलं — माझं नाव कुठं घेतलं नाही. गड हवेत उडतो हे आपल्याला पटतं, मग तो जुबेदानं उडवला तर का पटू नये, असं विचारलं. आणि शेवटी, लाजत लाजत — मीही मेघगडाची एक गोष्ट लिहिलीय वहीत, टाकू का इथं?

कितीतरी जणांनी लिहिलं, टाका, टाका. मी इतकी वर्षं त्या ग्रुपवर लिहीत होते, मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

माझं दुसऱ्या नावाचं एक खातं होतं, पुरुषाचं. त्यावरून मी लिहिलं — "तुम्हाला गडावर बसू दिलं हेच पुष्कळ झालं. आता चालवायलाही पाहिजे?"

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी मोजत बसले.

दुपारी नसीम दुकानात आली. गळ्यात टेप तसाच. मोबाइल पुढं धरून म्हणाली, "हे पाह्य वं. कोन असन हा?"

"असतात असे. तू कायले मनावर घेतं?"

"मानूसच असन ना पण?"

मी तिला पाणी दिलं. आणि तिच्यासमोरच, माझ्या खऱ्या नावानं, त्या वाक्याखाली लिहिलं — असं बोलणं शोभत नाही. माझ्याच वाक्याखाली! तिनं माझा हात दाबला. "तू होती म्हून," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ती ग्रुपमधून निघून गेली. गोष्ट टाकली नाही. पुढं एकदा मी विचारलं तर म्हणाली, "शिलाईतून वेळ कुठं भेटते?" वही तिच्या मशीनवरच होती. गोष्ट अर्ध्या वाक्यात थांबलेली, खाली कुणाच्या तरी ब्लाउजची मापं.

मला काय झालं होतं? हेवा होता. पण हेव्यानं ते शब्द नाही दिले — ते माझ्याकडे आधीपासून होते.

यंदाच्या ईदला मी तिच्याकडे गेले होते. तिची नणंद आली होती जळगाव जामोदहून. नसीम मला जवळ बसवून तिला सांगायला लागली, "सारे मले बोलून राह्यले होते, तवा ही एकटी माह्याकडून उभी राह्यली."

नणंदेनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी शीरखुर्मा खाल्ला. नाही म्हटलं नाही.