नाळेचा ठोका

मी नर्स झाले ती काही सेवेच्या ओढीने नाही. दोंडाईच्याला आम्ही चौघी बहिणी, मी थोरली. मॅट्रिकनंतर धुळ्याला नर्सचा कोर्स होता आणि पुढे सरकारी नोकरी होती, म्हणून गेले. आईचं म्हणणं एवढंच होतं, की शहरातल्या दवाखान्यात लाग, खेड्यात दारोदार बाळंतपणं करत फिरू नको. मलाही तेच हवं होतं. पण ऑर्डर आली शिंदखेडा तालुक्यातल्या एका उपकेंद्राची. धुळ्याला बदली मागणारा अर्ज मी पहिल्या आठवड्यातच लिहून ट्रंकेत ठेवला. वर्ष झालं की द्यायचा होता.

गावात एक म्हातारी दाई होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायचे. मनातून मात्र मी तिला अडाणी समजत होते. बाळंतपणाला दोघींनाही बोलावणं यायचं. गेल्या गेल्या मी तिला साबणाने हात धुवायला लावायचे आणि ती निमूट धुवायची. एका बाबतीत मात्र ती ऐकत नसे. नाळेमागची वार बाहेर पडल्याशिवाय ती नाळ कापू द्यायची नाही. मूल आईजवळ तसंच ठेवून नाळ दोन बोटांत धरून बसायची. मूल रडलं नाही तर पडलेली वार तव्यावर शेकायची, म्हणजे नाळेतून जीव मागे येतो, असं तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. मी हे इतर नर्सांना हसत हसत सांगायचे. तेव्हा माझ्या अंगात फार शहाणपण होतं.

चैत्रातल्या एका दुपारी गावातल्या एका शेतकऱ्याच्या सुनेला कळा लागल्या. पहिलंच बाळंतपण. मूल आलं ते निळं, गळाठलेलं. अक्काने नाळ धरली आणि हळूच म्हणाली, "थांब. ठोका चालू शे."

मीही बोट लावलं. ठोका होता. मंद, पण होता. कोर्समध्ये शिकवलं होतं, की असं मूल लगेच वेगळं करून श्वास द्यायचा. मी दोन ठिकाणी धागा बांधला आणि मधे कात्री चालवली. मग नळीने चिकटा ओढला, तोंडाला तोंड लावून फुंकलं, पाठ चोळली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मूल रडलं नाही.

थांबले असते तर ते जगलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. पण ज्या नाळेत ठोका होता ती मी कापली, एवढं मला माहीत आहे.

सुनेची सासू दारातून सगळं पाहत होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघत तिने अक्काला विचारलं, "हिनी उतावळी करी का?"

माझी नोकरी, गावातला माझा शब्द, सगळं त्या म्हातारीच्या उत्तरावर होतं. तिने हो म्हटलं असतं तर पुन्हा कुठल्याच घराने मला उंबरा ओलांडू दिला नसता, आणि ते बरोबरच झालं असतं.

अक्का म्हणाली, "पोर पोटमाच गयेल व्हतं. नाळ मन्हा हातमा व्हती. थंडी व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंकेतून अर्ज काढला. वर्ष पुरं व्हायचं होतं, पण मला तिथे राहायची लाज वाटत होती. तेवढ्यात भिंत चाचपत अक्का आली. खालच्या आळीत एका बाईचे दिवस भरत आले होते, तिला बघायला चल म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, नाळेत ठोका होता."

"माले मालूम शे."

"मग खोटं का बोललीस?"

ती उंबऱ्यावर बसली. "मन्हा डोया गया. आते बोटेसवर चालस मन्हं. तू गई ते या बायास्ले कोन शे?" मग म्हणाली, "पन आते मी सांगसू तवयच कापजो."

मी पेटी उचलली आणि तिच्याबरोबर गेले. अर्ज पुन्हा ट्रंकेत गेला तो गेलाच. आई वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. पुढे अक्का होती तोवर प्रत्येक बाळंतपणात नाळ तिच्या बोटांत आणि कात्री माझ्या हातात असायची. ती मान हलवायची, मग मी कापायचे. ती मात्र हात धुवायला कधी विसरली नाही.

अक्का गेली त्या वर्षी त्याच सुनेचे दिवस पुन्हा भरले. तिच्या सासूनेच निरोप धाडला. या वेळी मुलगी झाली आणि लगेच रडली. मी नाळ दोन बोटांत धरून बसले. ठोका पुरता थांबला, वार पडली, तेव्हाच कापली. मुलीला कुशीत घेत ती सून माझ्याकडे बघून म्हणाली, "तवय तुमी तरी काय करतात, नर्सबाई? ते पोटमाच गयेल व्हतं."

खरं सांगणारी आता मी एकटीच उरले होते. मी मान हलवली आणि हात धुवायला उठले.