फोनवरचं अळणी जेवण

आमच्या आईचं हृदय थकलंय. चालतं, पण आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या लिफ्टसारखं, मध्येच दम खात. नोएडातल्या तिच्या डॉक्टरांनी अशा सगळ्या पेशंटची एक रजिस्ट्री ठेवली आहे. तिथली मुलगी दर महिन्याला फोन करून वजन, सूज, गोळ्या, मीठ असं सगळं विचारते आणि कंप्युटरमध्ये भरते. कुणाला औषध कमी पडतंय हे त्यातून कळतं आणि डॉक्टर त्याप्रमाणे डोस बदलतात.

आईला फोनवरची हिंदी उमजत नाही, म्हणून तिच्या वतीने मी बोलतो. आणि फोन हातात आला की माझ्यातला नट जागा होतो.

"अंकल, माताजी नमक कम ले रही हैं ना?"

"कम? अजी, हमारे घर में नमक का नाम लेना भी मना है!"

ती खळखळून हसायची. समोर सोफ्यावर आई भाकरीला शेंगदाण्याची चटणी लावत असायची.

ती चटणी आणवायचो मीच. सोलापूरहून बहीण पाठवायची. इथल्या मुनिरका भागात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारं गावाकडचं कुणी ना कुणी सुटीहून परतताना डबा घेऊन यायचं. सोबत पापड, सांडगी मिरच्या. अळणी जेवणाला नाक मुरडणारी आई डबा उघडताच अशी खुलायची, की जगातला सर्वांत गुणी मुलगा मीच असं मला वाटायचं. "तुझ्या बायकोला सांगू नकोस हं," ती म्हणायची. मी ओठांवर बोट ठेवून, मागे मागे सरकत, थाटात एक्झिट घ्यायचो.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. मीठ बंद, गोळ्या वेळेवर, तरी पायांवर सूज. म्हणजे औषधच कमी पडतंय, ते म्हणाले, आणि अंगातलं पाणी काढायची गोळी त्यांनी दुप्पट केली.

तोंड उघडायची वेळ ती होती. एरवी मदर डेअरीच्या रांगेतही भाषण ठोकणारा मी, छताच्या पंख्याकडे बघत बसलो. आई माझ्याकडे बघत होती.

"चलो," मी म्हणालो. "ऊठ आई."

घरी येऊन मी शहाणपणा केला. गुपचूप सुधारलो. डबा, पापड, मिरच्या, सगळं शेजारी देऊन टाकलं. आता मीठ खरोखरच बंद. रजिस्ट्रीत लिहिलंय तसंच झालं, खोटं आपोआप खरं झालं, अशी मी माझी समजूत घातली.

पण ती दुप्पट गोळी ठरली होती मीठ खाणाऱ्या आईच्या सुजेवरून. मीठ गेलं, गोळी राहिली. एका सकाळी देवापुढून उठताना आईने भिंतीकडे हात नेला आणि भिंत तिला सापडलीच नाही. मी धावून तिला धरलं.

"अरे, खोली फिरतेय," ती म्हणाली. तिचं सगळं वजन माझ्या हातांवर होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिला आडवं करून मी क्लिनिकला फोन लावला. मनात मोठा प्रवेश तयार होता: गुन्हेगार मी, शिक्षा द्या! आईला चक्कर आली, मीठ चालू होतं, एवढ्या पहिल्या वाक्यावरच त्या मुलीने मला थांबवलं, डॉक्टरांना विचारून आली. आज ती गोळी द्यायची नाही, लगेच घेऊन या. मी टॅक्सी बोलावली. टॅक्सी यायला वेळ होता, तोवर त्या मुलीचाच फोन आला.

"अंकल, पुरानी एंट्री भी ठीक करनी पड़ेगी. पिछले महीने अचार?"

"नहीं जी, चटणी."

"पापड़?"

"हां जी."

"और उससे पहले वाले महीने?"

ती हसत नव्हती. एकेक महिना मागे जात मी खालच्या आवाजात "हां जी, हां जी" म्हणत राहिलो. त्या मुलीला इतके दिवस मी हसवत होतो, आणि तिने माझा शब्दन् शब्द खरा मानून लिहून घेतला होता.

"चटनी रोज़?"

"रोज़."

"रोज काय म्हणून?" आई डोळे मिटूनच म्हणाली. "एकादशीला नव्हते खात. तेही लिहायला सांग तिला."

मी तेही सांगितलं.