माळवदावरची मॅच

“उठू नकोस,” आई वहिनीला म्हणाली. “तू उठलीस की आपला एक गडी जातो.”

वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, समोर गिरणीच्या मैदानात बॅट घेऊन उभा होता आणि आम्ही बायका आमच्या माळवदावर, घराच्या सपाट छतावर. मैदानात बायकांनी जायची तेव्हा पद्धत नव्हती. पण आमच्या घराची भिंत मैदानाला लागूनच होती, त्यामुळे खुर्च्यांवर बसलेल्या साहेबांपेक्षा आम्हाला चांगलं दिसायचं.

दादा गिरणीत नावाला मागावर कापड विणायला होता. गिरणीने त्याला ठेवलं होतं ते क्रिकेट खेळायला. त्या दिवशी समोर दुसऱ्या गिरणीचे गडी होते.

सकाळी वहिनी दोनदा खाली गेली, एकदा पाणी प्यायला, एकदा भाकरी झाकायला. दोन्ही वेळा आमचा गडी औट झाला. तेव्हापासून आईने तिला कठड्याशी पालथ्या पाटीवर बसवून ठेवलं होतं. मला तोंड तिरकं करून बसायला लावलं होतं, कारण मी सरळ बघत असताना एक चेंडू दादाच्या नडगीवर बसला होता. आमच्या घरी सोवळंओवळं ढिलं होतं, पण मॅचचं कडक.

हसू येतं, पण वहिनीची आधीची दोन लेकरं बारशापर्यंतही टिकली नव्हती. दुसऱ्या खेपेला ती स्वतःही जाता जाता राहिली होती. म्हणून आईने या वेळी सुईणीला सकाळपासूनच बोलावून घेतलं होतं. चूक एवढीच झाली की तिलाही माळवदावर बसवलं.

सुईण शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातली. हाताला यश होतं, पण मॅचचं वेड आईपेक्षा जास्त. ओच्यात शेंगा घेऊन बसली होती.

“मावशी, तिच्याकडं बघा की,” मी म्हटलं.

“बघितलं. अजून येळ हाय.” तिने शेंग फोडली आणि दादावर ओरडली, “पळ की मेल्या! पाय काय भाड्यानं आणलेत व्हय?”

“माझ्या लेकाला मेल्या म्हणायचं काम न्हाय,” आई म्हणाली.

“मग त्याला पळायला शिकवायचं हुतं.”

मी वहिनीचा दंड धरला. “खाली चल.”

तिने ओठ दाताखाली धरून मान हलवली. “ते औट झाले तर माझ्यावर येईल.”

हे खरं होतं. आईने तिला जन्मभर ऐकवलं असतं.

तेवढ्यात दादाने चेंडू उंच उडवला, तो थेट आमच्या भिंतीकडे. खाली समोरच्यांचा एक आडदांड गडी ओंजळ करून उभा राहिला. सगळं मैदान गप्प. आईने डोळे मिटले. आणि वहिनी अशी किंचाळली, की माझ्या हातातला तांब्या पडला. त्या गड्याच्या हातातला चेंडूही पडला.

“रडीचा डाव!” खालून गलका झाला. “बायका बसवल्यात वरडायला!”

सुईण कठड्यावरून वाकली. “ए मुडद्या, तू बाळंत हुतोस का? ये वर!”

मग तिने वळून वहिनीकडे नीट पाहिलं. ओच्यातल्या शेंगा तिथंच सांडल्या. “आता खाली न्यायची न्हाय. हितंच.”

वाळत घातलेली लुगडी ओढून आम्ही आडोसा केला. एक टोक मी धरलं, एक आईने. आईची पाठ मैदानाकडे होती. खाली आरडाओरडा चढत होता, उतरत होता. कोण मारतंय, कोण जातंय, कुणी विचारलं नाही.

मूल आलं ते निळं आणि गप्प. सुईणीने पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली. काही नाही. पुन्हा मारली. खाली एकदम टोप्या उडवल्यासारखा जल्लोष झाला. आईने मान वळवली नाही.

“अगं, तोंड उघड की बये,” आई त्या पोरीला म्हणाली.

तिसऱ्या चापटीला पोरीने भोकाड पसरलं.

मघाचा तो जल्लोष दादा औट झाल्याचा होता. मॅच आम्ही हरलो. वहिनी जगली आणि मुलगीही जगली.