मांडवावरचा प्रशिक

माझा मुलगा प्रशिक वजन उतरल्यावरही दारातून तिरका होऊन जातो. दार तेच आहे, तीन फुटांचं. आता त्यातून दोन प्रशिक निघतील. तरी उंबऱ्याशी आला की तो एक खांदा आत घेतो, पोट धरतो आणि कडेकडेनं सरकतो. सोबत आणखी कुणी आहे आणि त्यालाही वाट द्यायची आहे, असं वाटतं.

तो एकोणतीस वर्षांचा आहे. धरमपेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सगळं बसून करायचं काम. एकेकाळी तो एकशे अडतीस किलोंचा होता. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका. दिवसभर लोकांची पोरं काट्याला टांगायची, वजन का वाढत नाही म्हणून आयांना बोलायचं, आणि घरी येऊन माझ्या मुलाच्या ताटात चौथी पोळी वाढायची, असे माझे दिवस गेले. त्याचे बाबा, आनंदराव, अंगानं तसेच होते. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून पलंगावर पडले ते उठलेच नाहीत. वय चौपन्न. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे प्रशिक बूट घालून घराबाहेर पडला. बेसा चौक आणि परत. आधी एक फेरी, मग चार, मग जिम. अडीच वर्षांत सदुसष्ट किलो उतरले.

लोक मला विचारत, काय खायला देता? मी सांगत असे. पण एका सकाळी न्हाणीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि मी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. बाळ उचलून घेतल्यावर काट्याची झोळी लोंबत राहते ना, तसं त्याचं पोट लोंबत होतं. दंडांखाली तसंच, छातीवर तसंच. आतला माणूस कुणी काढून नेला होता आणि झोळी विसरला होता. त्याला मी दिसले. त्यानं टॉवेल ओढला नाही. पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि म्हणाला, "आई, तो गेला नाही वं. फक्त रिकामा झाला."

डॉक्टर म्हणाले, ही कातडी आता आखडायची नाही. कापून काढता येते, कंबरेभोवती टाके पडतील, पण आधी वर्षभर वजन स्थिर राहू द्या. तेव्हापासून तो पोटाला रुंद पट्टा बांधतो, चिकटणारा. रात्री झोपतानाही काढत नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

त्यातच जिमवाल्यानं चौकात फ्लेक्स लावला. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडचा प्रशिक उघडा, कमरेला नुसती चड्डी, दोन्ही हात पोटावर. उजवीकडचाही उघडा, पण त्याच्या अंगावर एकही घडी नव्हती. कॉम्प्युटरवर कुणीतरी सगळी कातडी पुसून टाकली होती आणि पोटावर कसल्याशा विटा काढल्या होत्या. हा मुलगा माझा नव्हता. डावीकडचा मात्र होता. मी स्कूटीवरून जायची तेव्हा तो बघायचा. सिग्नलला थांबले की मी मान खाली घालत असे.

डिसेंबरात जिम बंद पडली. एका दिवशी चौकात नुसती लोखंडी चौकट उरली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण जाताना-येताना माझी नजर त्या चौकटीवर जायची आणि मनात यायचं, आता तो कुठे असेल?

मार्चमध्ये प्रशिकचं लग्न ठरलं. मुलगी कन्हानची, मेघा, तिथल्याच शाळेत शिकवते. सहा वेळा भेटले दोघं. सहाही वेळा त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता.

"तिले सांगितलं का रे?" मी विचारलं.

"काय सांगू? घरी अजून एक जण राहतो म्हणून?"

"असं बोलू नको बेटा."

"हळद मनगटाच्या खाली लावायची, आई. कुर्ता निघणार नाही. नाही तर मी मांडवात येतच नाही."

"अन् मेघाच्या घरच्यांले काय सांगू मी?"

"सांग, पळून गेला."

तो हसला नाही. मी त्याची आई आहे. तो केव्हा थट्टा करतो ते मला कळतं. ही थट्टा नव्हती. म्हणून मी नातेवाइकांत पसरवून दिलं, पोराच्या अंगावर ॲलर्जी आली आहे, हळद फक्त हातापायांना लावायची.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी भैय्याजी मांडववाला अंगणात बांबू रोवून गेला. वर पिवळं पातळ कापड ताणलं. रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी ऊन लखलखीत, पण मांडवाच्या मधोमध कापड खाली आलेलं. वर पाणी साचलं होतं.

"काळजी नको वहिनी," भैय्याजी म्हणाला, "कापडावर भंगारातला जुना अर्धा फ्लेक्स टाकून ठेवला. एक थेंब गळणार नाही. कार्यक्रम उरकू द्या, मग काढतो पाणी."

बुद्धवंदना झाली. प्रशिक पाटावर बसला, नेमका त्या फुगवट्याखाली. पांढरा कुर्ता, बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटणही लावलेलं. उष्टी हळद न्यायला मेघाचे मामा, मनोहरराव, कन्हानहून आले होते. नवरदेवाच्या अंगाची हळद वाटीत घेऊन ते परत जाणार आणि मग तीच मेघाला लागणार. कन्हानला तिकडे सगळ्या बायका वाट बघत होत्या.

आनंदरावांच्या थोरल्या बहिणीनं, इंदूबाईंनी, हळदीची परात मांडीशी ओढली. "काहून गा, नवरदेव आहेस का हेडमास्तर? फुल बाह्याचा कुर्ता घालून हळद लावते का कोणी?"

"ताई, सांगितलं ना, ॲलर्जी आहे त्याले," मी म्हणाले.

"हळद तर ॲलर्जीवरच लावतात वं माया! बी.ए. झाली अन् एवढं समजून नाही राहिलं तुले?"

बायका हसल्या. इंदूबाईंचा जावई संघपाल बाह्या सारत पुढे आला. "सालेसाहेब, कुर्ता आज फाटणार म्हणजे फाटणार. माझा नव्हता का फाडला?"

प्रशिकनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात पाटाच्या कडेवर होता, उठायच्या तयारीत. मागचं दार चार पावलांवर. तेवढ्यात वरून पाण्याचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. मग दुसरा, तिथेच.

मी वर पाहिलं.

ऊन फ्लेक्समधून आरपार येत होतं आणि ओलं कापड त्याला चिकटलं होतं. आधी मला एक गोल डाग दिसला. ती बेंबी होती. मग दोन्ही बाजूंना पसरलेली बोटं. साचलेल्या पाण्यानं पोट खाली आलं होतं, खरं पोट यावं तसं, जड, किंचित हलणारं. दाराच्या बाजूला तोंड होतं. ते आमच्याकडे बघत होतं. फ्लेक्सला त्याच जागी बारीकसं भोक असावं, थेंब बेंबीतूनच पडत होता.

तिसरा थेंब पडला तेव्हा प्रशिकनंही मान वर केली. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आई, तो आला."

एका लहान मुलीनं ओळखलं, "प्रशिककाका वर आहे!" पोरं हसली. मनोहरराव वर बघत, मग खाली बघत. बांबू कुरकुरला. पाणी आणखी मध्ये सरकलं आणि ते पोट प्रशिकच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर आलं.

"बाजूला व्हा सगळे," संघपाल म्हणाला. तो स्वयंपाकाकडून विळा घेऊन आला होता. "पोटातच भोसकतो, मोकळं होईल."

"कापू नका," प्रशिक म्हणाला.

"अरे, मांडव पडन ना गा!"

"म्हटलं ना, कापू नका."

तो उठला. मला वाटलं, आता मागच्या दाराकडे जाईल. मनोहररावांना काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागले. पण तो तिथेच उभा राहिला आणि त्यानं दोन्ही तळवे त्या पोटाखाली लावले. बरोबर तिथे, जिथे वरच्यानं स्वतःचे हात ठेवले होते. हातावर हात.

मग तो ढकलू लागला. हात उंच गेले तशा सैल बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या आणि दंडाची कातडी सर्वांसमोर लोंबली. कुर्ता वर गेला. टाचा उचलून त्यानं अंग ताणलं तेव्हा चर्र असा आवाज झाला. पट्टा सुटून पाटावर पडला आणि पोटाची घडी खाली आली. तो थांबला नाही. एक-एक पाऊल टाकत, पोटाकडून छातीकडे, छातीकडून तोंडाकडे, ते ओझं तळव्यांवर चालवत त्यानं मांडवाच्या कडेला नेलं. पाणी धबधब्यासारखं बाहेर कोसळलं. जाताना त्या तोंडावरून वाहत गेलं, आणि तोंड क्षणभर हललं. मी एकटीनं पाहिलं असेल, पण पाहिलं.

वर रिकामा फ्लेक्स सुरकुतून लोंबत राहिला. खाली प्रशिक, तसाच.

इंदूबाईंनी परात सरकवली. "बस गा पाटावर. काढ तो ओला कुर्ता, सर्दी होईन."

त्यानं काढला. त्यांनी गळ्याला हळद लावली, छातीला लावली. मग पोटाची घडी एका हातानं उचलली, लहान बाळाला न्हाऊ घालताना मांडीची वळी उचलतात तशी, आणि आत हळद भरली. "इथं घाम साचत असन न गा? लाल झालं आहे किती. पावडर लावत जाय ना रोज." एवढंच म्हणाल्या.

मनोहररावांनी वाटी पुढे केली. त्याच घडीतली हळद बोटांनी काढून त्यांनी वाटीत घेतली आणि झाकण लावलं. दुपारी मेघाचा फोन आला, प्रशिकला. तो गच्चीवर जाऊन बोलला, अर्धा तास. खाली आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली?

"मामांनी सगळं सांगितलं तिले. म्हणे, फ्लेक्स फेकू नका, मले पाहायचा आहे."

भैय्याजी फ्लेक्स काढायला आला तर प्रशिकनं नको म्हटलं. उद्या वरात निघेपर्यंत राहू दे, म्हणाला.

म्हणून तो आहे. मी अंगणात त्याच्याच खाली बसून लिहिते आहे. वारा आला की तो फुगतो, वारा पडला की बसतो. फुगतो, बसतो. मघाशी मी आत जाऊन आले. प्रशिक पलंगावर उताणा झोपला आहे, पट्ट्याशिवाय, बनियानही नाही, घड्यांत अजून पिवळं. मी दारात उभी राहून त्याचा श्वास मोजला आणि बाहेर येऊन फ्लेक्सकडे पाहिलं. दोघांची लय एकच आहे.

इतके दिवस मी याला घाबरून मान खाली घालत होते. पण ती चौथी पोळी मीच वाढली होती ना त्याला. आता वर बघते आहे. तोही बघतो आहे.