नाताळचं सगळ्यात घाण काम

दुकानातल्या गिफ्ट गुंडाळायच्या काउंटरवर तिला सगळे शीबाई म्हणत. नाव कोणी पाडलं ते कळलं नाही, पण उगाच पडलं नव्हतं. कुठलीही गोष्ट बघितली की तिच्या तोंडून आधी ‘शी’ बाहेर पडायचं आणि मग मत. गिऱ्हाइकाने थुंकी लावून नोट मोजली, शी. शेजारच्या पोरीने चिकटपट्टी दाताने तोडली, शी. डिसेंबर लागला की कागदावरची सोनेरी चमकी हाताला लागायची, हातावरून डब्यात जायची आणि दुपारी जेवताना दाताखाली कचकचायची. नाताळ म्हणजे दाताखाली आलेली चमकी, असं तिचं ठाम मत झालं होतं.

तरी चमकी परवडली. खोक्यांत काय असतं ते तिला माहीत होतं. ज्याला द्यायचं त्याला नको असलेली वस्तू, देणाऱ्याने तोंड वाकडं करून घेतलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि त्या तमाशाला फीत बांधायची तिने, गालावर हसू ठेवून.

गेल्या वर्षी हा तमाशा तिच्या घरी आला. थोरली नणंद पोतं भरून खेळणी घेऊन आली. शीबाईची लेक ठकी तेव्हा चार वर्षांची. पोरगी एक कागद फाडायची, आत काय आहे ते न बघताच फेकायची आणि पुढच्यावर तुटून पडायची. मधे मधे चॉकलेटं कोंबत होती. शेवटी त्या कागदांच्या ढिगावरच भडाभडा ओकली. आणि मोठी माणसं? मोबाइल धरून हसत होती. चमकी लागलेली ती ओकारी शीबाईने एकटीने पुसली आणि पुसता पुसता शपथ घेतली की हे घरात पुन्हा होणार नाही.

यंदा नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या कमी झाल्या होत्या. तो हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतली तेलकट धुराडी खरवडायचा. खर्चाचा हात आखडल्यामुळे शीबाईच्या शपथेला आपोआपच बळ आलं.

“आपण काही विकत घ्यायचं नाही,” तिने जाहीर केलं. “प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात किळस येणारं काम सांगायचं. नाताळच्या दिवशी ते दुसऱ्याने करायचं. हीच भेट.”

नवरा हसला. “ही कसली गं भेट?”

“खोकं काय, कोणीही देतं. दुसऱ्याची घाण काढायला कोण येतं?”

यावर त्याने मान डोलावली. पण लोक सोपी कामं पटकावतील, म्हणून तिने नियम केला: जेवणाच्या टेबलावर आपल्या उजव्या हाताला जो बसेल, त्याचं काम आपलं. वर्षानुवर्षं हेच करायचं, ठकी मोठी होऊन तिच्या घरी गेली तरी.

आता खरी गोष्ट. मागच्या खोलीत सासूबाई असायच्या. त्यांच्या घोट्याच्या वर वर्षभर एक जखम होती, भरता भरत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सने शिकवल्याप्रमाणे रोज सकाळी त्या स्वतःच पट्टी बदलायच्या. खोलीला वास यायचा, गोडसर, कुजका. शीबाई त्या दारावरून श्वास रोखून जायची आणि दाराची कडी दोन बोटांच्या टोकांनी लावायची. म्हातारीने कधी तक्रार केली नाही. फक्त महिन्याच्या सुरुवातीला म्हणाल्या, “नवीन वर्ष लागलं की मी थोरलीकडे जाते राहायला.”

थोरलीकडे म्हणजे पॅसेजमधली खाट आणि दिवसभर खेकसणारा जावई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. शीबाई म्हणाली, “तुमची इच्छा, आई.” मनात म्हणाली, सुटले. आणि पुढच्याच क्षणी स्वतःचीच अशी किळस आली की तिने उगाचच मोरी घासून काढली. पण ‘जाऊ नका’ हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. नाताळ उरकला की म्हातारीची बॅग भरायची, एवढंच आता बाकी होतं.

शीबाई काही भोळी नव्हती. टेबलाभोवती खुर्च्या मांडताना तिने पुरता हिशेब केला होता. तिच्या उजवीकडे नवरा, नवऱ्याच्या उजवीकडे त्याची आई. आईचा पाय लेकाच्या वाट्याला. धुराडी खरवडणाऱ्याला जखमेचं काय!

नाताळच्या दुपारी बटाट्याचं सूप आणि पाव टेबलावर आले. शीबाई पातेलं घेऊन वळते तो ठकीने आजीला हाताला धरून बाबाच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि बाबाला आपल्या शेजारी ओढलं होतं.

“अगं, ही आजीची जागा नाही!”

“मला बाबाजवळ बसायचंय,” ठकी म्हणाली. विषय संपला.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि सुपात तोंड घातलं. त्याला सगळा डाव कळला होता. मेल्याला हसू येत होतं.

ठकीने शाळेचा डबा धुण्याचं काम सांगितलं, ते बाबाकडे गेलं. बाबाला घरमालकाशी फोनवर गोड बोलायची शिसारी होती, ते आजीकडे. शीबाईने नवऱ्याचे तेलकट मोजे जोडी लावून ठेवायचं काम सांगितलं, मुद्दाम, ठकीला जमेल असं. राहिल्या सासूबाई.

“मला कसली किळस? काही नाही,” त्या म्हणाल्या.

“खोटं!” ठकी ओरडली. “आजीला पाय घाण वाटतो. पट्टी काढताना ती टॉवेल चावते. आणि रडते.”

या घरात पोरीशिवाय त्या खोलीत कोणी डोकावलं नव्हतं, हे एका वाक्यात सगळ्यांसमोर आलं.

“मी करतो,” नवरा हळूच म्हणाला.

“तू डबा धू,” शीबाई म्हणाली. रागाने की लाजेने, तिलाही सांगता आलं नसतं. “नियम मी केलाय.”

कोमट पाण्याचं भांडं घेऊन ती मागच्या खोलीत गेली. म्हातारी पाय मागे घेत होती. “राहू दे गं. तुला नाही जमायचं.”

“गप्प बसा आणि पाय द्या.”

पट्टी सोडवली आणि वास अंगावर आला. शीबाई उठली, मोरीत जाऊन ओकली, चूळ भरून परत आली. जखमेला चिकटलेला जाळीचा कपडा पाण्याने भिजवून भिजवून सोडवावा लागत होता. खाली पिवळट, ओलं, चकचकीत मांस. असल्या वेळी माणसाला दया येते असं लोक सांगतात. शीबाईला दयाबिया काही आली नाही. निव्वळ किळस आली आणि हात चालत राहिले. मग तिने टाच उचलून मागची बाजू बघितली आणि हात थांबले.

तिथे जुन्या पट्टीच्या कपड्याचा एक तुकडा मांसात रुतून बसला होता, काळपट झालेला. म्हातारीला वाकता येत नव्हतं, मागचं दिसत नव्हतं. जे दिसायचं तेवढंच त्या साफ करायच्या. सगळा वास त्या तुकड्याचा होता.

“हे किती दिवस आहे इथे?”

“काय आहे?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

शीबाईला संताप आला. या बाईचा, नवऱ्याचा, दोन बोटांनी लावलेल्या त्या कडीचा. थेंब थेंब पाणी सोडत तिने तो तुकडा मोकळा केला. म्हातारीने टॉवेल तोंडात धरला होता, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडे ठकी नाक धरून मोज्यांच्या जोड्या लावत होती.

“उद्या दवाखान्यात जायचं,” नवी पट्टी गुंडाळत शीबाई म्हणाली. गुंडाळणं हे तिच्या हाताचंच काम, पट्टी घट्ट आणि नीट बसली. “आणि परवापासून हे मीच करणार.”

“कशाला? झाला ना तुमचा सण.”

“आई, मला किळस येते. आजही आली, उद्याही येणार. मी शी म्हणणार.”

“म्हण की. माझ्या तोंडावर म्हण,” सासूबाई म्हणाल्या. “दाराबाहेर म्हणतेस ना, तेव्हा लागतं.”

शीबाईने मान खाली घातली. पाय अजून तिच्या मांडीवर होता, हाडांचा, हलका. पट्टीचं टोक खोचत ती म्हणाली, “जाऊ नका थोरलीकडे.”

म्हातारीने टॉवेलाने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि तोच टॉवेल सुनेच्या हातात दिला.

“आण तो फोन. आधी घरमालकाशी गोड बोलते, मग थोरलीला कळवते. पॅसेजमधली खाट कोणाला तरी देऊन टाक म्हणावं.”